शेत मोजलं, घर राहून गेलं: घरपट्टीची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा आजचा एपिसोड.

दिवाळीत गावी गेलो होतो. आजीने पत्र्याच्या पेटीतून घडी घातलेला एक कागद काढला आणि म्हणाली, "जपून ठेव रे, हा आपल्या घराचा कागद." बघतो तर ग्रामपंचायतीच्या नमुना ८ चा उतारा. म्हणजे कर आकारणीची नोंद. त्यात घर दगड-मातीचं लिहिलेलं, आणि आम्ही बसलो होतो स्लॅबखाली! स्लॅब पडून पंधरा वर्षं झाली असतील.

मी दिवसभर डेटाबेसवर काम करतो. त्यामुळे पहिला प्रश्न हाच पडला, की ही एंट्री कुणी केली आणि कशावरून केली? उत्तर शोधत गेलो तर थेट दोनशे वर्षं मागे पोचलो.

१८१८ ला पेशवाई संपली. इंग्रजांना सारा ठरवायचा होता, म्हणजे जमिनीची किंमत कळायला हवी. रॉबर्ट कीथ प्रिंगल नावाच्या तरुण अधिकाऱ्याने १८२७ च्या सुमारास पुणे भागात मोजणी सुरू केली. त्याचा हिशोब कागदावर अगदी चोख होता. शेताचं उत्पन्न काढा, खर्च वजा करा, उरेल त्यातले ५५ टक्के सरकारला. पण उत्पन्नाचे आकडे आणणार कोण? खालचे कर्मचारी. कुठे लाच घेऊन आकडा कमी लिहिला, कुठे अंदाजे ठोकून दिला. सारा डोईजड झाला आणि लोक गावं सोडून गेले. फॉर्म्युला बरोबर, इनपुट चुकीचा.

मग १८३५-३६ मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या इंदापूरला गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्याने सुरुवात केली. उत्पन्नाचा अंदाज सोडला. माती किती खोल आहे, तिचा रंग-पोत कसा आहे ते बघितलं आणि आण्यांत तिची प्रत ठरवली. मोजायला ३३ फुटांची साखळी. ३३ गुणिले ३३, म्हणजे १,०८९ चौरस फूट. हाच आपला गुंठा! सारा कमी केला आणि ३० वर्षांसाठी बांधून दिला. ही पद्धत टिकली आणि मुंबई इलाख्यात पसरली.

आता गंमत बघा. शेताचा इंच न् इंच मोजला गेला, पण गावठाणाभोवती नुसती एक रेघ मारली. आतल्या घरांना शेतसारा नव्हता, मग मोजायचं कशाला? मोठ्या गावांत पुढे सिटी सर्व्हे झाला. छोट्या गावांची गावठाणं तशीच राहिली. म्हणून शेताला सातबारा आहे आणि घराला काहीच नाही. आजीच्या पेटीत कर आकारणीचा उतारा 'घराचा कागद' म्हणून का जपलेला होता, ते इथे कळतं. दुसरा कागदच नव्हता. पण कायद्याने नमुना ८ हा मालकीचा पुरावा नाही. कर्ज काढायला गेलं की ते समजतं.

घरपट्टीचा आजचा कायदा १९५८ चा, महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, कलम १२४. नियम १९६० चे. मधली काही वर्षं घरपट्टी सरळ क्षेत्रफळावर होती, इतके चौरस फूट गुणिले ठरलेला दर. ते प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, आणि ३१ डिसेंबर २०१५ ला नवे नियम आले. आता आधी घराचं भांडवली मूल्य काढतात. जागेचा रेडी रेकनरचा दर, बांधकामाचा दर, घर जुनं असेल तर घसारा, आणि वापर राहण्याचा आहे की दुकानाचा, हे सगळं त्यात येतं. मग दर हजार रुपयांमागे ठराविक दराने कर. समजा मूल्य ४ लाख आलं आणि दर हजारी १ रुपया असला, तर वर्षाला ४०० रुपये.

फॉर्म्युला पुन्हा चांगलाच आहे. पण इनपुट? घर मातीचं की आरसीसी, किती फूट, कधी बांधलं, हे कुणीतरी येऊन बघून लिहायचं असतं. म्हणजे प्रिंगलचाच प्रश्न परत समोर.

पुण्यात राहतो, आपल्याला काय त्याचं, असं म्हणू नका. २०१७ मध्ये ११ गावं महापालिकेत आली आणि २०२१ मध्ये २३. महापालिका भांडवली मूल्य बघत नाही. घर भाड्याने दिलं तर वर्षाला किती येईल, यावरून ती कर ठरवते. घर तेच, भिंती त्याच, पण हद्द बदलली आणि हिशोबही बदलला. वाढलेल्या कराविरुद्ध गावांत आंदोलनं झाली. फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावं तर पालिकेतून बाहेर पडली आणि २०२४ मध्ये त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. त्यामागच्या तक्रारींत मिळकतकर होताच.

राहिलेली मोजणी आता होतेय. पुरंदर तालुक्यात मल्हारगडाजवळ सोनोरी नावाचं गाव आहे. तिथे ड्रोनने गावठाण मोजायचा प्रयोग झाला. मग २४ एप्रिल २०२० ला केंद्राची स्वामित्व योजना आली. त्यात घराला नकाशा आणि मिळकत पत्रिका मिळते. इंदापूरच्या साखळीनंतर जवळपास १८५ वर्षांनी घराचा नंबर लागला!

पण ड्रोनला छप्पर दिसतं. आत कोण राहतं, स्लॅब कधी पडला, वाटणी कशी झाली, हे घरच्यांनीच सांगायचं असतं. कर आकारणीची यादी दर चार वर्षांनी नव्याने होते. तेव्हा हरकत घेता येते, आणि निर्णय पटला नाही तर पंचायत समितीकडे अपील करता येतं.

तर पुढच्या वेळी गावी गेलात की नमुना ८ मागा आणि टेप घेऊन घर मोजा. आमची नोंद दुरुस्त झाली तर घरपट्टी वाढणार, हे मी आजीला सांगितलं. ती म्हणाली, "वाढू दे. खोटा कागद काय कामाचा?"

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.