चा, दिंड आणि चायनीजचा गाडा

आमच्या परदेशातल्या नातेवाइकांच्या रविवारच्या फोटोंमध्ये हल्ली एक दृश्य हमखास असतं. मोठं गोल टेबल, त्यावर झाकणाच्या छोट्या छोट्या बांबूच्या टोपल्या, टोपल्यांतून वाफ, आणि भोवती आज्यांपासून नातवंडांपर्यंत सगळी मंडळी. याला डिमसम म्हणतात. मग पाठोपाठ प्रश्न येतो, "तुमच्या बीडात मिळतं का गं हे?"

नाही मिळत. गंमत म्हणजे चायनीज मात्र मिळतं. बीड, अंबाजोगाई, परळी, कुठेही जा, संध्याकाळी लाल गाडा, त्यावर ड्रॅगन, मोठ्या आचेवर कढई आणि "एक मंचुरियन, एक शेजवान राईस" अशी आरोळी. मग एक चिनी खाणं आलं आणि दुसरं का नाही आलं? याचं उत्तर शोधताना मी पार कलकत्त्यापर्यंत जाऊन आले (पुस्तकांतून बरं का!).

आधी डिमसमविषयी. मूळ गाव कँटन, म्हणजे आजचं ग्वांगझू. तिथल्या चहाच्या दुकानांत सकाळी लोक बसत, चहा पीत, गप्पा मारत, आणि चहासोबत थोडं थोडं खात. मुख्य गोष्ट चहा, खाणं त्याच्या सोबतीला. म्हणून कँटनी माणूस आजही "डिमसम खायला चला" म्हणण्याऐवजी "यम चा" म्हणतो. यम म्हणजे पिणं, आणि चा म्हणजे... आपला चा! "बसा, चा घ्या" म्हणणारा आपल्याकडचा माणूस कँटनी शब्द वापरत असतो. मकावला ठाण मांडून बसलेल्या पोर्तुगीजांनी तिकडून 'चा' उचलला, आणि खुष्कीच्या वाटेनं इराणकडे गेलेल्या त्याच शब्दाचं 'चाय' झालं. आपला चहा याच कुळातला.

आणि त्या टोपल्यांत असतं काय? पातळ पारीत कोळंबीचं किंवा मांसाचं सारण भरून उकडलेले घास. इथे मला नागपंचमी आठवते. त्या दिवशी चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा ठेवायचा नाही. म्हणून आपल्याकडे दिंड करतात. कणकेची पोळी लाटायची, मध्ये पुरण ठेवायचं, चारी बाजूंनी दुमडून चौकोनी घडी घालायची आणि चाळणीवर उकडायची. वर तूप. म्हणजे पारीत सारण भरून वाफवायची कला आपल्याला नवी नाही.

आता मूळ प्रश्न. हिंदुस्थानात चिनी माणसं स्थायिक झाली त्याची गोष्ट हॉटेलापासून सुरू होत नाही, उसापासून सुरू होते! १७७८ च्या सुमाराला टाँग अच्यू नावाचा एक चिनी व्यापारी बंगालमध्ये आला. वॉरन हेस्टिंग्जनं त्याला हुगळीकाठी, बजबजजवळ जमीन दिली. त्यानं ऊस लावला, साखरेचा कारखाना काढला आणि कामाला चीनहून मजूर आणले. मजूर कराराने बांधलेले. त्यातले काही कलकत्त्याला पळून जायला लागले, तेव्हा त्यानं कंपनी सरकारकडे तक्रारही केली. १७८३ मध्ये तो वारला. त्याच्या नावावरून त्या गावाला अछिपूर म्हणतात, आणि चिनी नववर्षाला कलकत्त्याचे चिनी लोक आजही त्याच्या समाधीपाशी जातात.

हे वाचताना बीडच्या माणसाच्या पोटात काहीतरी हलतंच. दिवाळीच्या सुमाराला मुकादमाची उचल घेऊन, पोराबाळांसकट परमुलखात कोपी टाकून राहणारी माणसं आपण दरवर्षी बघतो. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. माणसाचं नावसुद्धा हत्यारावरून. अच्यूचे मजूर समुद्र ओलांडून आले होते, एवढाच काय तो फरक.

पुढे कलकत्त्यात चिनी वस्ती वाढली. कँटनी सुतार, हाक्का चांभार आणि कातडं कमावणारे, हूपेईचे दातांचे वैद्य. टिरेटा बाजारात त्यांची देवळं, मंडळं, दुकानं उभी राहिली. तिथे रविवारी भल्या सकाळी रस्त्यावर सिऊ माई, बाओ, माशाच्या गोळ्यांचं सूप मिळतं. उशिरा उठणाऱ्याच्या नशिबी काही नाही. मुंबईतही माझगावला गोदीजवळ चिनी वस्ती होती, तिथलं १९१९ चं देऊळ आजही आहे.

आणि मग १९६२. लढाई महिनाभराची, पण चिनी चेहऱ्याच्या माणसांसाठी ती तेवढ्यात संपली नाही. आसाम, दार्जिलिंग, शिलाँग इकडून सुमारे ३००० माणसं उचलून आगगाडीनं राजस्थानात देवलीच्या छावणीत नेली. म्हातारी, बायका, तान्ही मुलं. बरीचशी इथेच जन्मलेली, चीन कधी न पाहिलेली. शेवटचे लोक सुटले १९६७ मध्ये. कित्येकांची घरं-दुकानं लिलावात गेली होती. बाहेर राहिलेल्यांवरही बंधनं होती, नोकऱ्या गेल्या. पुष्कळ कुटुंबं कॅनडाला निघून गेली. छावणीत जन्मलेल्या जॉय मा यांनी दिलीप डिसूझांसोबत यावर २०२० मध्ये पुस्तक लिहिलं. आमच्या शाळेच्या इतिहासात ६२ ची लढाई होती, देवली नव्हती.

जे राहिले त्यांच्यापैकी अनेकांच्या हाती कढई होती. १९७३ मध्ये मुंबईच्या ताजमध्ये 'गोल्डन ड्रॅगन' सुरू झालं आणि सेचुआन हे नाव कानावर आलं (त्याचं पुढे आपण शेजवान केलं). १९७५ मध्ये कलकत्त्यात जन्मलेल्या नेल्सन वाँग यांनी मुंबईच्या क्रिकेट क्लबात आलं, लसूण, हिरवी मिरची परतून त्यात गरम मसाल्याऐवजी सोया सॉस घातला, वर कॉर्नफ्लोअर, आणि मंचुरियन जन्माला आलं, असं सांगतात. मांचुरियाशी त्याचा काडीचा संबंध नाही. आपल्या जिभेला जे आवडेल ते त्यांनी आपल्यासाठी केलं. मग मुंबई-पुण्याच्या हॉटेलांत राबलेली पोरं ते शिकून गावोगाव गाडे लावायला लागली. कोबीचं मंचुरियन बीडला पोचलं ते असं.

मला वाटतं, उत्तर इथेच आहे. मंचुरियन हे परक्यांना विकायला केलेलं खाणं. ते कुणीही शिकू शकतं आणि कुठेही नेऊ शकतं. रविवार सकाळचं चहापाणी मात्र आपल्या माणसांसाठी असतं. त्याला म्हातारे लागतात, सवड लागते, गल्ली लागते. टिरेटा बाजारातली ती सकाळ दरवर्षी थोडी लहान होते आहे, कारण गल्लीतली माणसंच कमी झाली.

बीडच्या गाड्यावर चिनी माणूस कधी उभा नव्हता. त्याचं नाव मात्र तिथे रोज संध्याकाळी लाल अक्षरांत लावलं जातं, आणि ईशान्येकडची एखादी मुलगी समोरून गेली की त्याच नावाची शिवीही होते. शेजवान राईस मागवणारं तोंड आणि ती शिवी देणारं तोंड कधीकधी एकच असतं.

असो. पुढच्या नागपंचमीला दिंड केले की परदेशातल्या मंडळींना मी फोटो पाठवणार आहे. सोबत चा. बांबूची टोपली नाही, आमची जुनी पितळी चाळणीच.