कैरोतली वसुली कचेरी

अमेरिकेतल्या यादवी युद्धात मुंबईचे शेटजी कापसावर मालामाल झाले आणि 1865 मध्ये झोपले. इजिप्तचा खेदिव, म्हणजे ऑट्टोमन सुलतानाचा तिथला सुभेदार, इस्माईल कापसाच्या त्याच तेजीवर स्वार झाला होता. तेजी सरली, तरी त्याने हात आखडला नाही. 1875 मध्ये सुएझ कालव्याचे शेअर ब्रिटनला सुमारे 40 लाख पौंडांना विकूनही भागेना. कर्ज 9 कोटी पौंडांच्या घरात गेले होते.

2 मे 1876 रोजी कैरोत ‘केस द ला देत’ ही परकीय कर्जाच्या वसुलीची कचेरी निघाली. घारबिया, मनुफिया, बेहेरा आणि अस्यूत या चार प्रांतांचा महसूल सरकारी खजिन्याऐवजी थेट तिच्याकडे येऊ लागला. कारभारी फ्रेंच, ऑस्ट्रियन आणि इटालियन. ब्रिटन आधी लांब राहिला. 1877 मध्ये त्याच्या बाजूने आले एव्हलिन बेअरिंग, म्हणजे पुढचे लॉर्ड क्रोमर. त्याआधी ते हिंदुस्थानच्या व्हाइसरॉयचे खासगी सचिव होते.

1877 मध्ये नाईलला पूर कमी आला, वरच्या इजिप्तमध्ये दुष्काळ पडला. तरी मे 1878 चा हप्ता फेल्लाहांकडून, म्हणजे शेतकऱ्यांकडून, आगाऊ कर उकळून वेळेवर चुकता झाला. पुढच्याच वर्षी सुलतानाने इस्माईलला पदच्युत केले. पदच्युतीच्या तारेवर पत्ताच ‘माजी खेदिव’ असा होता.

1882 मध्ये इंग्रज फौजा देशात घुसल्या, पण तिजोरीची किल्ली एकट्या इंग्रजांच्या हाती आली नाही. 1885 पासून जर्मनी आणि रशियाही कचेरीत बसले. ठरल्या मर्यादेपलीकडे सरकारला एक पौंड खर्चायचा, तर दोन उभे करावे लागत, दुसरा कचेरीचा. फ्रान्सला लष्कर न धाडता इंग्रजांची कोंडी करायची सोय आयतीच मिळाली.

1896 ची डोंगोला मोहीम घ्या. इजिप्शियन फौजेचे सेनापती किचनर सुदानकडे निघाले, कचेरीने चार विरुद्ध दोन मतांनी राखीव निधीतून 5 लाख इजिप्शियन पौंड दिले. विरोधी मते फ्रान्स आणि रशियाची. प्रकरण परकीयांचे दावे चालवणाऱ्या मिश्र न्यायालयात गेले, अपिलातही सरकार हरले आणि पैसे परत करावे लागले. फौज पुढे सरकलेलीच होती; भरपाईला लंडनने कर्ज दिले. जिंकला कोण, हे सांगणे अवघड.

1904 मध्ये ब्रिटन-फ्रान्सची दिलजमाई झाली. इजिप्त तुमचा, मोरोक्को आमचा, असा तो सौदा. इजिप्तला किंवा मोरोक्कोला कुणी विचारले नाही. कचेरीचे दात पडले, दार उघडे राहिले. 1940 मध्ये तेही बंद झाले. उरलेले परकीय कर्ज 1943 मध्ये देशांतर्गत रोख्यांत बदलण्यात आले.