न सापडलेली भूमी, विरघळलेली बेटे

सायबेरियाच्या उत्तरेला लापतेव समुद्र आणि पूर्व सायबेरियन समुद्र यांच्या मधोमध नव-सायबेरियन बेटे आहेत. क्षेत्रफळ सुमारे ३८ हजार चौ. किमी, म्हणजे जवळजवळ केरळाएवढे. या बेटांचा इतिहास लिहायला बसले की खरे आणि कल्पित यांची दोन गाठोडी वेगळी बांधता येत नाहीत. कारण खरी बेटे ज्या पुराव्यावर सापडली, त्याच जातीच्या पुराव्यावर एक नसलेले बेटही शंभर-सव्वाशे वर्षे टिकून राहिले.

आरंभ पाहा. १७७० साली इव्हान ल्याखोव या व्यापाऱ्याला गोठलेल्या समुद्रावरून, उत्तरेकडून किनाऱ्याकडे येणारा रेनडिअरचा कळप दिसला. नुसत्या बर्फावर रेनडिअर काय खाणार? तेव्हा पलीकडे जमीन असलीच पाहिजे. खुरांच्या मागावर उलटे चालत तो बेटांवर पोहोचला. अनुमान अचूक होते, आणि वर फायदाही झाला: तिथे मॅमथचे सुळे मिळत होते आणि ते गोळा करण्याचा मक्ता महाराणी कॅथरिनने त्यालाच दिला. १७७३ मध्ये तो आणखी उत्तरेच्या मोठ्या बेटावर उतरला, तर तिथे एक तांब्याचे पातेले पडलेले आढळले, असे सांगतात. कुणाचे, कधीचे, कळायला मार्ग नाही. ‘कोतेल’ म्हणजे पातेले. म्हणून बेटाचे नाव कोतेल्नी. शोधाचा मान ल्याखोवचा, पण आधी येऊन गेलेल्याने आपले भांडे तिथेच ठेवले होते.

पुढचा माणूस याकोव सान्निकोव. हाही सुळे आणि हिमकोल्ह्यांची कातडी गोळा करणारा. द्वीपसमूहातली काही खरी बेटे याच्याच नावावर आहेत. तेव्हा १८११ मध्ये त्याने कोतेल्नीच्या उत्तरेला उंच खडकाळ डोंगर दिसल्याचे सांगितले, तरी त्याला कुणी थापाड्या म्हटले नाही. वसंतात पाखरांचे थवे याच बेटांवरून आणखी उत्तरेला जात, हा दुसरा आधार. रेनडिअरने ल्याखोवला फसवले नव्हते, मग पाखरे कशी फसवतील? ‘सान्निकोव भूमी’ नकाशात शिरली.

१८८६ च्या ऑगस्टमध्ये एदुआर्द टोल या भूवैज्ञानिकाने कोतेल्नीवरून स्वच्छ हवेत सपाट माथ्याचे चार डोंगर पाहिले. आता साक्षीदार शिकारी नव्हता, शास्त्रज्ञ होता. १९०० साली तो ‘झार्या’ जहाज घेऊन निघाला; पुढच्या वर्षी अपेक्षित जागी पोहोचला तर दाट धुके. १९०२ मध्ये तिघा सोबत्यांसह तो बेनेट बेटावर गेला. हे बेट खरे; १८८१ मध्ये डी लाँगच्या अमेरिकन मोहिमेला सापडलेले. त्यांना न्यायला निघालेले जहाज बर्फामुळे पोहोचलेच नाही. हिवाळा सुरू होताना चौघे जेमतेम १४ ते २० दिवसांची शिदोरी घेऊन गोठणाऱ्या समुद्रावरून दक्षिणेला निघाले आणि पुन्हा कुणाला दिसले नाहीत. १९०३ मध्ये टोलच्याच मोहिमेतला नौदल अधिकारी कोल्चाक त्यांच्या शोधात होडीने बेनेटपर्यंत गेला. त्याला टोलची चिठ्ठी मिळाली, माणसे नाहीत.

योगायोग असा की त्याच १९०३ साली पुण्याहून लोकमान्य टिळकांचे ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’ प्रसिद्ध झाले. ऋग्वेदातल्या लांबलचक उषांवरून ध्रुवप्रदेशातल्या मूलस्थानाचे अनुमान त्यांनी केले. खुरांवरून बेट शोधावे, तसे शब्दांवरून घर शोधणे. या उत्तरेत माणूस राहत होता, एवढे पुढे खरे ठरले. याच द्वीपसमूहातल्या झोखोव बेटावर सुमारे ९ हजार वर्षांपूर्वीची वस्ती मिळाली आहे: ध्रुवीय अस्वले आणि रेनडिअर मारणारे, कुत्र्यांच्या घसरगाड्या वापरणारे लोक. तिथली ऑब्सिडियनची हत्यारे सुमारे १५०० किमीवरच्या दगडाची. पण अस्वलाच्या हाडांतून ऋचा काढता येत नाहीत. टिळकांचा सिद्धान्त तिथे सिद्ध झाला असे कुणी म्हणू नये.

ओब्रुचेव हा भूवैज्ञानिक अधिक सावध निघाला. १९२६ च्या ‘सान्निकोव भूमी’त त्याने ज्वालामुखीने ऊबदार राखलेली, मॅमथ फिरत असलेली भूमी रचली, पण कादंबरी म्हणून. १९३७ मध्ये ‘सादको’ या बर्फफोड्या जहाजाने त्या पाण्यात शोध घेतला. जमीन नव्हती.

मग ती गेली कुठे? रशियन संशोधकांचे एक उत्तर मोहक आहे. इथली काही बेटे म्हणजे गोठलेला गाळ आणि त्यात भरलेला बर्फ. उन्हाळ्यात लाटा कड्याच्या पायथ्याला खाच पाडतात, वरचा भाग कोसळतो, बर्फ वितळतो, गाळ वाहून जातो. सेम्योनोव्स्की बेट १८२३ मध्ये जवळजवळ १५ किमी लांब मोजले गेले, १९१२ मध्ये ५ किमीही उरले नव्हते, आणि १९५० च्या दशकात तेही बुडाले. शेजारचे वासिल्येव्स्की शोधायला १९३६ मध्ये जहाज गेले, तेव्हा तिथे फक्त उथळ पाणी होते. सान्निकोव भूमीही अशीच विरघळली असेल, असे म्हणतात.

मला हे पटत नाही. बर्फाची बेटे विरघळतात हे खरे. पण सान्निकोवने खडकाळ डोंगर सांगितले होते आणि टोलने सपाट माथ्याचे पर्वत. साक्षीदारांना वाचवण्यासाठी त्यांचीच साक्ष फिरवावी लागते. थंड थराच्या वर ऊबदार हवा आली की क्षितिजाखालचा बर्फसुद्धा कड्यासारखा उचलून दिसतो, हे स्पष्टीकरण साधे आहे. आणि दोघांनी जे पाहिले ते प्रामाणिकपणे पाहिले, हेही त्यात बसते.