हिब्रू स्थलनामे : व्युत्पत्ती आणि कथन

हिब्रू धर्मग्रंथातील स्थलनामांचा विचार प्रायः दोन टोकांना जाऊन केला जातो. श्रद्धावान वाचक ग्रंथातील व्युत्पत्ती हाच नावाचा इतिहास मानतो. भाषाभ्यासक तीच व्युत्पत्ती ‘लोकव्युत्पत्ती’ म्हणून बाजूस सारतो. ग्रंथकाराला नावाचा अर्थ मुळात सांगावासा का वाटला, हा प्रश्न मात्र दोघांकडूनही अस्पर्शित राहतो.

‘बाबेल’ हे नाव घेऊ. बॅबिलोनी लोक आपल्या नगरीचे नाव अक्कादी भाषेत ‘बाब-इली’, म्हणजे ‘देवाचे द्वार’, असे समजत. हा अर्थही एखाद्या जुन्या, अन्यभाषी नावाला मागाहून जोडलेला असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. ‘उत्पत्ती’च्या ११व्या अध्यायात हेच नाव कालवाकालव, गोंधळ या अर्थाच्या ‘बालल’ या हिब्रू धातूशी जोडले आहे. साम्राज्याच्या अभिमानाचा शब्द येथे उपहासाचा होतो. ही व्युत्पत्ती भाषाशास्त्रदृष्ट्या असिद्ध असली, तरी वाङ्मयीन कृती म्हणून ती पूर्णतः हेतुपूर्ण आहे.

‘बेथेल’ म्हणजे ‘एलचे घर’. ‘एल’ हा ‘देव’ या अर्थाचा सामान्य शब्द आहे, तसेच ते कनानी देवमंडळातील श्रेष्ठ देवाचे विशेषनामही आहे. १९२९पासून रास शामरा येथे मिळालेल्या उगारिती लेखांनी ही गोष्ट स्पष्ट केली. ‘उत्पत्ती’च्या २८व्या अध्यायात मात्र हे नाव याकोबाच्या स्वप्नदर्शनातून जन्मते आणि गावाचे पूर्वीचे ‘लूज’ हे नावही तेथेच नोंदले जाते. पुढे तेथे सोन्याच्या वासराची उपासना रूढ झाली, इ. स. पू. ८व्या शतकातील होशेय त्याच स्थळाला ‘बेथ-आवेन’, म्हणजे ‘दुष्टतेचे घर’, म्हणतो. नाव हे येथे वादाचे क्षेत्र बनते.

‘बैर-शेबा’ या नावाचे स्पष्टीकरण तर दोनदा येते. २१व्या अध्यायात अब्राहामाच्या सात कोकरांचा आणि शपथेचा प्रसंग आहे, तर २६व्या अध्यायात इसहाकाच्या विहिरीचा. हिब्रूत ‘सात’ आणि ‘शपथ घेणे’ हे शब्द समध्वनी आहेत. संहितेने दोन्ही कथा जपल्या, त्यांतून एकीची निवड केली नाही.

मराठी वाचकापुढे याहून वेगळी अडचण उभी राहते. अनुवादात नावाचे लिप्यंतर होते आणि स्पष्टीकरणाचे भाषांतर. ‘बाबेल’ आणि ‘गोंधळ’ यांत ध्वनिसाम्य नसल्याने मुळातील ‘म्हणून हे नाव पडले’ या वाक्यातला ‘म्हणून’ निराधार होतो. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून केलेला, १९२४ साली प्रसिद्ध झालेला अनुवादही या भाषिक मर्यादेबाहेरचा नव्हे. परिणामी मूळ ग्रंथात युक्तिवाद असलेली गोष्ट आपल्याला केवळ माहिती वाटते.

म्हणून अशा नावाला दोन इतिहास आहेत, असे म्हणणे युक्त ठरेल. एक शब्दाच्या उगमाचा, दुसरा समाजाने त्या शब्दात वाचलेल्या अर्थाचा. पहिल्याच्या निकषावर दुसऱ्याला खोटे ठरवणे म्हणजे समीक्षेने आपले क्षेत्रच सोडून देणे होय.