तारखेला आलेली माणसं : प्रस्तावना

समुपदेशनाची बहुतेक पुस्तकं समोरचा माणूस आपणहून आला आहे असं गृहीत धरतात. छत्रपती संभाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात विवाह समुपदेशकापुढे बसलेला माणूस मात्र बहुधा तारखेला आलेला असतो. वकिलांनी ‘जाऊन या’ म्हणून बजावलेलं असतं. खुर्चीत नीट टेकायच्या आत तो विचारतो, ‘‘मॅडम, सही कुठं करायची?’’ घाटी रुग्णालयात घरच्यांनी धरून आणलेला दारुडा किंवा क्लासच्या सरांनी पाठवलेला मुलगा याहून फार वेगळा नसतो. या क्षेत्रात नव्यानं येणाऱ्यांनी याच माणसांपासून सुरुवात करावी, असा माझा आग्रह आहे.

न्यायालयातली ही सक्ती कायद्यातच आहे. १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्याचं कलम ९ समेटाचा प्रयत्न न्यायालयावर बंधनकारक करतं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम १४ खाली दंडाधिकारी दोघांपैकी एकाला किंवा दोघांनाही समुपदेशनाचा आदेश देऊ शकतात. ‘तुम्ही मोकळेपणानं बोला हं’ अशी साखरपेरणी त्यामुळे कुणालाच पटत नाही.

मानसशास्त्रज्ञ जॅक ब्रेम यांनी १९६६ मध्ये मांडलं, की आपली मोकळीक हिरावली जातेय असं वाटलं की माणूस ती परत मिळवायला धडपडतो. घड्याळाकडं पाहणं, एका शब्दात उत्तर देणं ही तीच धडपड. आपण मात्र वहीत ‘असहकार’ लिहून मोकळे होतो! मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी दारूच्या समस्येवर काम करताना १९८३ मध्ये मांडलं, की आपण वाद घातला की समोरचा स्वतःची बाजू आणखी घट्ट धरतो.

म्हणून आधी खरं बोलावं. ‘तुम्हाला यायचं नव्हतं, दिसतंय. इथलं काय न्यायालयाला कळतं आणि काय कळत नाही, ते आधी सांगते.’ उच्च न्यायालयाच्या नियमांनी दिलेली गोपनीयता इथं साध्या मराठीत समजावावी. मग विचारावं, ‘इथं पुन्हा यावं लागू नये, यासाठी काय व्हायला हवं?’ कधी कधी उत्तर येतं, ‘पोरीला रविवारी भेटू द्या.’ दुसऱ्या कुणी पढवलेलं नसलेलं त्याचं हे पहिलं वाक्य असतं. काम तिथून सुरू होतं.

एक इशारा मात्र देते. मारहाण सोसलेली बाई ‘जमवून घे’ या माहेरच्या दबावानं आलेली असू शकते. समेटांची संख्या मोजणाऱ्या व्यवस्थेला ती सोयीची वाटते. तिला एकटीला, पुरेसा वेळ देऊन ऐकल्याशिवाय जोडीनं बसवू नये. त्यापायी आणखी एक तारीख पडली तरी पडू द्यावी.