समाजशास्त्राचा आरंभ : धोटा आणि कोयता

वसंत ऋतू आला म्हणजे व्याख्यानांचा हंगाम सुरू होतो. आणि त्याच सुमारास आमच्या मिरजगावच्या बाजूला, कर्जत-जामखेडच्या कोरडवाहू पट्ट्यात, दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गेलेली माणसे परत येऊ लागतात. आम्ही त्या माणसांत वावरणारे. व्यासपीठावरचे विद्वान नव्हे. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या सभा आटोपल्यावर रात्री वाचलेल्या पुस्तकांनी केले. तेव्हा समाजशास्त्रावर आम्ही बोलावे, हे काहींस धाडसाचे वाटेल. परंतु जे शास्त्र समाजाविषयी आहे, त्याची ओळख समाजाने करून घेऊ नये, असा नियम कोठे आहे?

या शास्त्राचे नाव फ्रान्समधील ऑग्युस्त कॉम्त याने १८३९च्या सुमारास रूढ केले. ग्रहताऱ्यांच्या गतीला नियम आहेत, तसे माणसांच्या एकत्र राहण्यालाही असले पाहिजेत, अशी त्याची धारणा होती. पुढे तिघांनी पाया भक्कम केला. मार्क्सने विचारले, उत्पादनाची साधने कोणाच्या मालकीची? त्यावरून त्याने वर्ग ओळखला. दुर्खीमने दाखविले की, रूढी, कायदा, भाषा या गोष्टी कोणा एकट्याने निर्माण केलेल्या नसतात, तरी त्या प्रत्येकाला वाकवितात. त्यांस त्याने सामाजिक तथ्ये म्हटले. वेबरने बजावले की, पैशाच्या तराजूखेरीज प्रतिष्ठेचा तराजू निराळा असतो. सारखी मजुरी घेणारी दोन माणसे समाजात एकाच पायरीवर असतात, असे नव्हे.

हे झाले युरोपातील. आमच्याकडे काय होते? ज्या १८८३ साली मार्क्स लंडनमध्ये वारला, त्याच साली जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. शेतकरी दरिद्री का, या एका प्रश्नाचा माग काढीत ते सारा, कचेरी, धर्मविधी आणि अविद्या यांपर्यंत पोहोचले. पुढच्याच वर्षी, १८८४ मध्ये, त्यांचे सत्यशोधक सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभारली. १८९० साली कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली, ती त्यांच्याच खटपटीने. म्हणजे महाराष्ट्रात समाजाची चिकित्सा आणि कामगारांची संघटना ही एकाच घरची भावंडे आहेत.

१९१५ साली महसूल खात्यात काम केलेल्या त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गाव-गाडा' निघाला. वतनदार, कारू-नारू, फिरस्ते यांच्या देण्याघेण्याचा बारीक हिशेब त्यात आहे. १९१६ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी जातीवर निबंध वाचला आणि जात म्हणजे दारे बंद केलेला वर्ग होय, असे प्रतिपादिले; दाराची कडी म्हणजे जातीतल्या जातीत लग्न. १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात पॅट्रिक गेडीस यांच्या हाताखाली समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला, आणि मालवणचे गो. स. घुर्ये यांनी तो नावारूपास आणला.

आता ही तत्त्वे कामाला लावून पाहू. मुंबईच्या गिरण्यांत विणाई खात्याची मजुरी चांगली असे. तेथे नवी कांडी घातली की धोट्याच्या छिद्रातून सूत तोंडाने ओढावे लागे. अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा आपण कसा तोंडाला लावावा, म्हणून सवर्ण कामगारांनी ते खाते त्यांना बंद ठेवले होते. १९२८ च्या मोठ्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला. मालक एक, भोंगा एक, संप एक. तरीही धोटा एक नव्हता. मार्क्सचा वर्ग खोटा नव्हता, पण त्या वर्गाच्या आत भिंत होती आणि ती मालकाने एकट्याने बांधली नव्हती.

दुसऱ्याचे दोष सांगणे सोपे असते. आमचाही सांगतो. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. एकटा माणूस म्हणजे 'अर्धा कोयता'. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, आणि पैसे जातात पुरुषाच्या हाती. आमच्या युनियनच्या वहीतही वर्षानुवर्षे आम्ही कोयतेच मोजले. एका सभेत मागे बसलेली एक बाई उठून म्हणाली, "भाऊ, मोळ्या मीबी वाहते. वहीत माझं नाव कुठंय?" आम्ही वही चाळली. नाव नव्हते. भाषणात मुकादमाला शिव्या देत होतो आणि मोजणी त्याचीच वापरीत होतो. दुर्खीमचे सामाजिक तथ्य आम्हांस पुस्तकात कळले होते. ते आमच्याच हस्ताक्षरात लिहिलेले आहे, हे त्या दिवशी कळले.

आम्ही दोन नावे लिहू लागलो, तेव्हा काही पुरुष रागावले. वर्गणी दुप्पट होणार काय, असे विचारू लागले. वर्गणी एकच ठेवली; नावे दोन. युनियनची तिजोरी त्याने भरली नाही. परंतु त्यानंतरच्या सभांतून पाणी, आडोसा, बाळंतपण आणि फडावरची पोरे हे विषय निघू लागले, जे पूर्वी कधी निघाले नव्हते.

ज्यांना हा विषय पुढे शिकावयाचा आहे, त्यांनी ग्रंथ जरूर वाचावेत. मात्र आरंभ आपल्या गावच्या, सोसायटीच्या, संघटनेच्या एखाद्या वहीपासून करावा. त्यात कोणाचे नाव आहे, कोणाचे नाही, आणि ज्याचे नाही त्याचे का नाही, हे विचारावे. आमच्या वहीची काही पाने अजून तशीच आहेत. या हंगामाची माणसे परतली की ती दुरुस्त करावयाची आहेत.