घोडनदीच्या छावणीत १७८९

फ्रान्सचा राष्ट्रीय सण १४ जुलैला असतो. १७८९ साली त्या दिवशी पॅरिसच्या लोकांनी बास्तिलचा तुरुंग फोडला, एवढं शाळेच्या पुस्तकातून सगळ्यांना ठाऊक असतं. तुरुंगात तेव्हा अवघे सात कैदी होते आणि जमावाला खरी हवी होती ती तिथली बंदुकीची दारू, हे मात्र पुस्तकात क्वचितच येतं. सणाचा कायदा व्हायला पुढे ९१ वर्षं गेली. १८८० च्या त्या कायद्यात नुसती तारीख आहे, साल नाही. १७८९ म्हटलं की काहींना रक्तपात आठवे. १७९० च्या १४ जुलैला मात्र राजासकट साऱ्यांनी एकोप्याची शपथ घेतली होती. ज्याने त्याने हवं ते साल मनात धरावं, अशी ती संसदेने काढलेली पळवाट.

शिरूर आणि दौंडमध्ये जुलैचा मध्य म्हणजे बाजरीच्या पेरण्यांचे आणि पावसाने हुलकावण्या देण्याचे दिवस. भीमेच्या दोन काठांवरच्या या तालुक्यांचा फ्रेंच राज्यक्रांतीशी संबंध काय, असं विचारलं तर पारावरची मंडळी हसतील. पण संबंध आहे आणि तो ओढूनताणून आणलेला नाही. क्रांती या मुलखात दोनदा आली. पहिल्यांदा आली ती इंग्रजांच्या मनातली धास्ती होऊन. तिने घोडनदीकाठी छावणी वसवली. दुसऱ्यांदा, शंभरावर वर्षांनी, आली ती वाचलेल्या इतिहासातून.

फ्रेंच माणसं मात्र क्रांतीच्या आधीच येऊन गेली होती. हैदराबादच्या गादीवर सलाबतजंगाला बसवणारा फ्रेंच सेनानी बुसी १७५१ च्या अखेरीस निजामाच्या फौजेबरोबर पुण्याच्या रोखाने निघाला. नानासाहेब पेशव्यांची छावणी घोडनदीच्या परिसरात होती. चंद्रग्रहणाची रात्र, मराठे ग्रहणाच्या स्नानसंध्येत गुंतलेले. बुसीने नेमकी तीच वेळ साधून छापा घातला. मराठ्यांची फौज उधळली आणि पेशव्यांची सोन्याची उपकरणी लुटीत गेली, असं ग्रँट डफ लिहितो. पाठोपाठ रांजणगाव लुटलं गेलं आणि तळेगाव ढमढेरे पार उद्ध्वस्त झालं. चारपाच दिवसांनी मराठ्यांनी उलटून हल्ला केला तेव्हा निजामाच्या फौजेला वाचवलं ते केवळ फ्रेंच तोफखान्याने. ही फौज भीमेकाठच्या कोरेगावापर्यंत आली. त्र्यंबकचा किल्ला मराठ्यांनी घेतल्याची बातमी, तुंबलेले पगार आणि आपसातली भांडणं यांमुळे तिला माघारी फिरावं लागलं. कोरेगाव म्हटलं की सगळ्यांना १८१८ आठवतं. त्याच गावाशी ६६ वर्षं आधी फ्रेंच तोफा येऊन ठेपल्या होत्या, याची आठवण कोणी काढत नाही.

त्या तोफांचा धडा पुणे दरबार मात्र विसरला नाही. कवायती पलटणी हव्यात, ही ओढ पेशव्यांना लागली. बुसीच्या हाताखाली तयार झालेला इब्राहिमखान गारदी पुढे मराठ्यांच्या चाकरीत आला, १७६० ला उदगीरला लढला आणि १७६१ ला पानिपतावर कामी आला. १७७७ मध्ये सें ल्युबें नावाचा फ्रेंच वकील पुण्यात आला, नाना फडणवीसांनी त्याचा मानपान केला आणि मुंबईच्या इंग्रजांची झोप उडाली. हा सगळा व्यवहार कळतो तो मुंबई विद्यापीठाने १९५८ मध्ये छापलेल्या वि. गो. हाटळकरांच्या ग्रंथामुळे. १६६८ ते १८१५ या काळातले फ्रेंच-मराठा संबंध त्यांनी थेट फ्रेंच कागदपत्रांवरून मांडले. मराठ्यांच्या इतिहासाला मोडी लागते, फारसी लागते, हे सगळे जाणतात. फ्रेंचही लागते, हे जाणून त्यासाठी आयुष्य घालवणारे विरळाच. पण बुसी काय किंवा सें ल्युबें काय, आले ते राजांच्या फ्रान्समधून. क्रांतीचा फ्रान्स कधीच फौज घेऊन इकडे आला नाही. त्याच्या नुसत्या भीतीने काम केलं.

१७९८ च्या जुलैमध्ये नेपोलियन इजिप्तमध्ये उतरला. त्याच वर्षी गव्हर्नर जनरल होऊन आलेल्या लॉर्ड वेलस्लीला हिंदुस्थानातल्या प्रत्येक दरबारी फ्रेंचांचा हात दिसू लागला. भीती अगदीच निराधार नव्हती: टिपूने मॉरिशसला वकील धाडले होते आणि निजामाकडे फ्रेंच अंमलदारांच्या हाताखाली हजारो शिपाई कवायत करत होते. ऑक्टोबरमध्ये हैदराबादच्या त्या पलटणी मोडल्या गेल्या, पुढच्या मे महिन्यात श्रीरंगपट्टण पडलं. राहिले मराठे. तेही आपसातल्या भांडणाने आयते हाती आले. ऑक्टोबर १८०२ मध्ये हडपसरला यशवंतराव होळकरांनी दुसऱ्या बाजीरावाच्या फौजेचा धुव्वा उडवला, पेशवा पळाला आणि ३१ डिसेंबरला वसईत त्याने तह केला. इंग्रजांची तैनाती फौज कायमची पदरात घ्यायची आणि इंग्रजांशी वैर असलेल्या राष्ट्राचा युरोपीय माणूस चाकरीत ठेवायचा नाही, ही त्यातली कलमं. दुसऱ्या कलमात फ्रान्सचं नाव घ्यायचीही गरज नव्हती.

त्या तैनाती फौजेचं ठाणं झालं घोडनदीकाठचं शिरूर. पुणं आणि नगर दोन्हींवर नजर ठेवायला जागा मोक्याची. आजही जुनी माणसं शहराला घोडनदीच म्हणतात. छावणीचा सेनापती कर्नल वॉलेस १८०९ मध्ये वारला. त्याची गोष्ट मोठी चमत्कारिक आहे. ब्रिटिशकालीन पुणे गॅझेटियरमध्ये नोंद आहे की शिरूरचे आणि आसपासच्या गावांचे लोक त्याला सत्पुरुष मानत, थडग्याची पूजा करत आणि सुगीत नव्या धान्याचा नैवेद्य दाखवत. फ्रेंचांना थोपवण्यासाठी धाडलेल्या फौजेचा सेनापती कुणब्यांच्या देवांत जाऊन बसला. इतिहासाच्या मोठ्या पुस्तकांत असल्या नोंदींना जागा मिळत नाही. खरं तर तिथूनच वाचायला सुरुवात करावी.

वसईच्या तहाला बरोबर १५ वर्षं झाली त्या दिवशी, ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री, कॅप्टन स्टॉन्टन याच शिरूरहून पुण्यातल्या इंग्रज फौजेच्या मदतीला निघाला. बरोबर मुंबई फौजेच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी पलटण, पुण्याचे अडीचशेच्या आसपास घोडेस्वार, मद्रासचे मूठभर गोलंदाज आणि दोन तोफा. सकाळी भीमेकाठी पेशव्यांची अफाट फौज समोर दिसली आणि दिवसभर कोरेगावच्या गल्ल्यांतून लढाई झाली. पायदळाच्या त्या पलटणीत महार शिपाई मोठ्या संख्येने होते. २६ मार्च १८२१ ला पायाभरणी झालेल्या विजयस्तंभावर मृतांची नावं कोरली. त्यांत नावाच्या शेवटी ‘नाक’ लागणारी बावीस आहेत. स्तंभ नदीपलीकडे, आज हवेली तालुक्यात मोडणाऱ्या पेरण्याच्या हद्दीत उभा आहे. इंग्रजांनी तो स्वतःच्या बढाईसाठी बांधला, याबद्दल शंका नको.

यानंतर अर्धं शतक फ्रान्सशी थेट धागा सापडत नाही. पण १८७५ सालच्या उठावाचे कागद वाचताना १७८९ चा उन्हाळा आठवल्यावाचून राहत नाही. शिरूर तालुक्यातल्या करड्यात १८७४ च्या डिसेंबरात गावाने सावकारावर बहिष्कार टाकला: न्हावी हजामत करीना, पाणक्या पाणी भरीना. १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात ठिणगी पडली. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होतं आणि आजच्या दौंडचा मुलूखही त्याच तालुक्यात मोडत होता. अमेरिकेतल्या यादवी युद्धात कापसाला आलेला भाव उतरलेला, शेतसारा वाढवलेला, कर्जाचे कागद मात्र वाढतच चाललेले. लोकांनी सावकारांना क्वचितच इजा केली. त्यांना हवे होते रोखे, खतं, वह्या. ते हाती आले की चव्हाट्यावर होळी. तीसहून अधिक गावांत हे लोण गेलं आणि ९५१ माणसं पकडली गेली.

बास्तिल पडल्यावरच्या पंधरवड्यात फ्रान्सच्या खेड्यांत हेच घडत होतं. कुळांनी जमीनदारांच्या गढ्यांत घुसून खंड-वेठीचे जुने दस्त जाळले, आणि ४ ऑगस्टच्या रात्री घाबरलेल्या राष्ट्रीय सभेने सरंजामी हक्क सोडल्याचं जाहीर केलं. जॉर्ज लफेव्र या इतिहासकाराने १९३२ मध्ये या ‘महाभीती’वर पुस्तक लिहिलं. त्यात अफवा गावोगाव कशी चालत गेली याचा माग आहे, आणि दस्त जाळायला खुद्द राजाचाच हुकूम आहे अशी कुळांची समजूत होती, तीही नोंदवलेली आहे. इकडे दख्खनच्या दंग्यांच्या चौकशीत काय निघालं? विलायतेच्या राणीनेच सावकारांचे कागद काढून घ्यायचा हुकूम पाठवलाय, अशी वदंता गावांत पसरली होती. दोन्हीकडे माणूस कागदाशी लढायला उठला तो सिंहासनाचा आधार घेऊन. फरकही तेवढाच ठळक आहे. तिकडे राजाचं डोकं उडालं. इकडे चौकशी आयोग बसला आणि १८७९ ला शेतकऱ्यांना कर्जातून दिलासा देणारा कायदा झाला. नील चार्ल्सवर्थने १९७२ च्या एका लेखात तर या दंग्यांचं महत्त्व फुगवलेलं आहे असंच म्हटलं. त्याने दंग्यांचा पसारा मोजला तो ठीक. करड्यासारख्या गावाने चारसहा महिने आधी केलेली एकी अशा मोजमापात बसत नाही.

पुण्यात तोवर क्रांतीचं वाचन सुरू होऊन पाव शतक लोटलं होतं. जोतीराव फुल्यांनी १८४७ च्या सुमारास टॉमस पेनचं ‘राइट्स ऑफ मॅन’ वाचलं. पेन जन्माने इंग्रज, पण फ्रेंच क्रांतीचा कैवारी. पॅरिसच्या सभेत निवडून गेला आणि तिथल्याच तुरुंगातही पडला. त्याच्या पुस्तकात फ्रान्सच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचा पुरस्कार आहे. शूद्रातिशूद्रांच्या हक्कांची भाषा फुल्यांच्या लेखणीत आली, तिच्यामागे हे वाचन आहे.

आणि मग १९२७. १ जानेवारीला डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोरेगावच्या स्तंभापाशी आले. ज्यांच्या पूर्वजांची नावं दगडावर आहेत, त्यांनाच इंग्रजांनी पुढे लष्करभरतीतून वगळलं, ही जखम तेव्हा ताजी होती. मार्चमध्ये महाडला चवदार तळ्याचं पाणी घेतलं गेलं. २५ डिसेंबरला पुन्हा महाडलाच परिषद भरली आणि अध्यक्षपदावरून बाबासाहेबांनी सभेला थेट १७८९ च्या व्हर्सायला नेलं. सोळाव्या लुईने बोलावलेल्या त्या सभेला इतिहासकारांनी नावं ठेवली, तरी तिने फ्रान्सचाच नव्हे तर युरोपचा पाया बदलला, आणि आपली परिषदही त्याच जातीची आहे, असं त्यांनी सांगितलं. परिषदेने माणसाच्या जन्मसिद्ध हक्कांचा जाहीरनामा संमत केला. त्याची घडण २६ ऑगस्ट १७८९ च्या फ्रेंच जाहीरनाम्यावरून घेतली आहे हे उघड दिसतं. त्याच रात्री मनुस्मृतीचं दहन झालं. कोकणातल्या त्या मांडवात शेतमजूर, गिरणी कामगार, पेन्शनर शिपाई बसले होते. फ्रान्सच्या इतिहासाचा एवढा गंभीर पाठ महाराष्ट्रात दुसऱ्या कुठल्या सभेत घेतला गेला असेल, असं वाटत नाही.

या वाचनाला एक पुढचा टप्पा आहे आणि तो १४ जुलैच्या भाषणांत सहसा सांगितला जात नाही. ३ ऑक्टोबर १९५४ ला आकाशवाणीवर बोलताना बाबासाहेबांनी आपलं तत्त्वज्ञान स्वातंत्र्य, समता आणि बंधुता या तीन शब्दांत मांडलं, आणि ते आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसनं घेतलं असं कोणी समजू नये, अशी ताकीदही दिली. त्याची मुळं राज्यशास्त्रात नसून धर्मात आहेत आणि ती आपल्याला आपले गुरू बुद्ध यांच्या शिकवणीत सापडली, असं ते म्हणाले. तिघांतही त्यांनी सर्वांत वरचं स्थान दिलं बंधुतेला. फ्रान्समध्ये बंधुता घोषवाक्यात पक्की बसली ती सगळ्यांत उशिरा, १८४८ च्या क्रांतीनंतर.